खांदा निखळला तर : उपचार, बिल आणि विम्याचा दावा

दहीहंडीच्या दिवशी दुपारनंतर गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या अपघात विभागांत एक दृश्य हमखास दिसते. मंडळाचा टी-शर्ट घातलेला एक तरुण बाकावर बसलेला असतो. उजव्या हाताने त्याने डावा हात कोपराजवळ घट्ट धरलेला असतो आणि कुणी जवळ आले तरी तो ओरडतो, "हात लावू नका!" खांद्याची गोलाई गेलेली असते, कडेला खळगा दिसत असतो. एक्स-रे काढायच्या आधीच डॉक्टरांच्या लक्षात येते, खांदा निखळला आहे.

अर्थात त्यासाठी दहीहंडीच हवी असे नाही. लोकलच्या दांड्याला धरलेला हात गर्दीच्या रेट्यात उलटा ओढला जाणे, कबड्डीत पकड करताना हात मागे पिरगळणे, पावसात चाळीच्या जिन्यावरून घसरून पसरलेल्या हातावर पडणे, अशा कोणत्याही कारणाने हे होऊ शकते.

अनुभवी डॉक्टरांच्या हातून खांदा बहुतेक वेळा काही मिनिटांत जागेवर बसतो. बिलाचा आणि विम्याच्या दाव्याचा गुंता मात्र अनेकदा पुढे कित्येक महिने सुटत नाही. "खांदा बसवायला एवढे पैसे?", "पॉलिसी असून पैसे का मिळाले नाहीत?", "डिस्चार्ज कार्डावर हे काय लिहिले आहे?" हे प्रश्न रुग्ण आम्हाला नेहमी विचारतात. या लेखात त्यांची उत्तरे क्रमाने पाहू.

आधी थोडे दुखण्याविषयी

खांदा हा शरीरातला सर्वांत जास्त हलणारा सांधा आहे. दंडाच्या हाडाचा गोल डोका मोठा आणि तो ज्या खोबणीत बसतो ती उथळ, त्यामुळे मोठ्या सांध्यांमध्ये निखळण्याचे प्रमाण खांद्यातच सर्वाधिक आहे. दहापैकी नऊहून अधिक वेळा हाड पुढच्या बाजूला निसटते. फिट आल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर ते मागे निसटू शकते आणि हा प्रकार पहिल्या तपासणीत सुटून जाण्याची शक्यता असते.

योग्य उपचारात पुढील पायऱ्या असतात. प्रथम डॉक्टर हाताची नाडी पाहतात आणि खांद्याच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का ते तपासतात, कारण तिथून जाणारी नस दुखावलेली असू शकते. मग एक्स-रे काढून हाड मोडले आहे का ते पाहतात. त्यानंतर वेदनाशामक किंवा गुंगीचे औषध देऊन, गरज पडल्यास पूर्ण भूल देऊन, सांधा बसवतात. बसवल्यावर पुन्हा एक्स-रे काढतात, नस आणि नाडी पुन्हा तपासतात आणि हात झोळीत ठेवतात. पुढे काही आठवड्यांनी व्यायाम सुरू होतात.

या पायऱ्या लक्षात ठेवा. बिलावरच्या जवळजवळ प्रत्येक ओळीचा संबंध यांपैकी एखाद्या पायरीशी असतो.

एक सूचना : खांदा निखळला असे वाटल्यास मालिश करून घेऊ नका आणि मित्रांकडून हात ओढून घेऊ नका. हाड मोडलेले असेल तर अशा ओढाओढीत ते आणखी सरकते, नसही दुखावते. हात आहे त्या स्थितीत ओढणीने किंवा टॉवेलने अंगाशी बांधा आणि लगेच रुग्णालयात जा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून काही खाऊ-पिऊ नका.

बिलावर काय काय येते?

खासगी रुग्णालयाच्या बिलात साधारणपणे हे घटक असतात : अपघात विभागाचे तपासणी शुल्क, बसवण्यापूर्वीचा आणि नंतरचा एक्स-रे, सांधा बसवण्याचे शुल्क, गुंगी किंवा भुलेसाठी भूलतज्ज्ञांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह वापरले असल्यास त्याचे भाडे, औषधे, सुया-सलाइन, झोळी किंवा खांद्याचा पट्टा. दाखल केले असल्यास खोलीचे भाडे आणि नर्सिंग शुल्क.

दोनदा एक्स-रे काढला म्हणून अनेक नातेवाईक वाद घालतात. तो वाद सोडून द्या. पहिल्या एक्स-रेमुळे हाड मोडलेले नाही ना हे कळते आणि दुसऱ्यामुळे सांधा खरेच जागेवर बसला हे सिद्ध होते. विमा कंपनीही दोन्ही मागते.

खर्चात मोठा फरक पडतो तो सांधा कसा बसवला यामुळे. अपघात विभागातच वेदनाशामक देऊन बसवला तर खर्च कमी येतो. स्नायू फार आवळलेले असतील, उशीर झाला असेल किंवा सोबत हाड मोडले असेल तर शस्त्रक्रियागृहात पूर्ण भूल द्यावी लागते. मग भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि भुलेनंतरची देखरेख यांचे शुल्क वाढते. क्वचित सांधा उघडून बसवावा लागतो. ती पूर्ण शस्त्रक्रिया असते आणि तिचा हिशेबही वेगळा असतो.

'कोड' म्हणजे काय?

विम्याच्या कागदांवर 'आयसीडी-१०' असे शब्द दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक आजाराला आणि इजेला एक सांकेतिक क्रमांक दिला आहे, त्या यादीचे हे नाव. तिची पुढची, आयसीडी-११ ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली तरी आपल्याकडच्या विम्याच्या अर्जांवर आयसीडी-१० चेच रकाने आहेत.

खांद्याच्या संदर्भात उपयोगी पडणारे क्रमांक असे :

एस ४३.० : खांद्याचा सांधा निखळणे.
एस ४३.१ : खांद्याच्या वरच्या टोकाचा, कॉलर बोनजवळचा सांधा निखळणे. दुखणे जवळपास त्याच जागी असले तरी इजा वेगळी आणि उपचारही वेगळा.
एस ४२.२ : दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडणे.
एस ४४.३ : खांद्याजवळच्या नसेला इजा.
एम २४.४ : सांधा वारंवार निखळणे.

पहिला आणि शेवटचा क्रमांक नीट पाहा. 'एस' गट इजांचा आहे, म्हणजे आज काहीतरी घडले. 'एम' गट हाडे, सांधे आणि स्नायूंच्या आजारांचा आहे, म्हणजे हे दुखणे आधीपासूनचे. खांदा तोच आणि वेदनाही तीच, पण एका अक्षराने विमा कंपनीचा पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो. अपघाती इजेला पॉलिसीचा सुरुवातीचा ३० दिवसांचा प्रतीक्षाकाळ लागू होत नाही. पॉलिसी घेण्याआधीपासून खांदा वारंवार निखळत असेल, तर मात्र तो 'पूर्वीपासूनचा आजार' ठरतो आणि त्यासाठी पॉलिसीत लिहिलेला प्रतीक्षाकाळ (नियमानुसार जास्तीत जास्त ३ वर्षे) पूर्ण व्हावा लागतो.

म्हणून क्रमांक खरा असायला हवा. पहिल्यांदाच निखळलेल्या खांद्याला 'वारंवार'चा क्रमांक पडला तर रुग्णाचे नुकसान होते. चौथ्यांदा निखळलेला खांदा 'पहिल्यांदा' म्हणून दाखवला तर ती फसवणूक ठरते आणि जुने केसपेपर निघाले की सगळा दावा कोसळतो.

तुमचे कुणी नातेवाईक अमेरिकेत असतील तर त्यांच्या बिलावर आणखी एक क्रमांक दिसेल. तिथे प्रत्येक उपचारक्रियेलाही पाच अंकी क्रमांक असतो. भुलेशिवाय खांदा बसवल्यास २३६५०, भूल देऊन बसवल्यास २३६५५ आणि सांधा उघडून बसवल्यास २३६६०. आपल्याकडे ही पद्धत रूढ नाही, पण तत्त्व एकच आहे. काय झाले आणि त्यासाठी नेमके काय केले, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर एकमेकांशी जुळली पाहिजेत.

विमा कधी पैसे देतो?

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. "माझी ५ लाखांची पॉलिसी आहे, मग सगळे त्यातून मिळेल," असे गृहीत धरले जाते. साधी आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देते. त्यामुळे तीन शक्यता उभ्या राहतात.

पहिली : अपघात विभागात खांदा बसवला आणि तासाभरात घरी पाठवले. हा बाह्यरुग्ण उपचार, म्हणजे ओपीडी. पॉलिसीत ओपीडीचे वेगळे संरक्षण नसेल तर हा खर्च सहसा मिळत नाही.

दुसरी : शस्त्रक्रियागृहात भूल देऊन खांदा बसवला आणि त्याच दिवशी घरी सोडले. हा 'डे केअर' उपचार ठरू शकतो. त्यासाठी २४ तास दाखल राहण्याची अट नसते. अनेक पॉलिसींच्या डे केअर यादीत भूल देऊन निखळलेला सांधा बसवण्याचा स्पष्ट उल्लेख असतो. तुमच्या पॉलिसीची यादी आजच उघडून पाहा.

तिसरी : सोबत हाड मोडले आहे, नसेला इजा आहे, डोक्यालाही मार लागला आहे किंवा शस्त्रक्रिया करावी लागली, म्हणून २४ तासांहून अधिक दाखल राहावे लागले. इथे दाव्याचा मार्ग सरळ असतो.

पुढे करायचा एमआरआय आणि फिजिओथेरपी यांचा खर्चही याच साखळीत येतो. मूळ दाखल होण्याचा किंवा डे केअरचा दावा मान्य झाला, तरच पॉलिसीत लिहिलेल्या दिवसांपर्यंतचा नंतरचा खर्च मिळू शकतो.

"डॉक्टर, एक रात्र दाखल दाखवा ना"

ही विनंती आम्हाला नेहमी ऐकू येते. विनंती करणारी माणसे अप्रामाणिक नसतात. हप्ते भरलेले असतात, मुलगा रोजंदारीवर असतो, पुढचे काही आठवडे कमाई बंद होणार असते. तरीही हे करू नये, आणि कारण फक्त नीतीचे नाही.

विमा कंपनीचे डॉक्टर कागद वाचतात. खांदा ५ वाजता बसला, ६ वाजता रुग्ण आरामात आहे, रात्रभर तोंडाने घ्यायच्या गोळीशिवाय काही दिलेले नाही, असे दिसले की "दाखल करण्याची वैद्यकीय गरज नव्हती" असा शेरा मारून दावा फेटाळला जातो. मग जो खर्च बाह्यरुग्ण विभागात थोडक्यात भागला असता, त्यात खोलीचे भाडे आणि नर्सिंगचीही भर पडते आणि सगळे खिशातून जाते. शिवाय खोटी माहिती दिल्याचे उघड झाले तर पॉलिसीच रद्द होऊ शकते.

खरोखर रात्रभर निरीक्षणाची गरज असेल तर डॉक्टरांनी ते कारण केसपेपरवर लिहावे. भुलेनंतर उलट्या होत आहेत, हाताला बधिरपणा आहे, डोक्याला मार लागला आहे, हृदयविकार आहे. लिहिलेले खरे कारण हाच दाव्याचा आधार असतो.

केसपेपरवरचे शब्द जपा

दाव्याचे भवितव्य अनेकदा पहिल्या केसपेपरवर ठरते. तो कागद घाईत, गर्दीत, वेदनेने कण्हणाऱ्या रुग्णाशी बोलत लिहिलेला असतो. त्यामुळे तो पूर्ण झाल्यावर एकदा वाचून घ्या. पुढील गोष्टी त्यात बरोबर असाव्यात :

१. इजा केव्हा आणि कशी झाली. "२ दिवसांपासून" ऐवजी चुकून "२ वर्षांपासून" लिहिले गेले तर नवी इजा जुनी ठरते.

२. कोणता खांदा. आयसीडी-१० च्या या क्रमांकात उजवा-डावा कळत नाही. म्हणून केसपेपर, एक्स-रे, भुलेची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड या चारही ठिकाणी एकच बाजू लिहिलेली असली पाहिजे.

३. पहिल्यांदा की पुन्हा. आधी निखळला असेल तर केव्हा, किती वेळा, हे खरे सांगा. उपचारासाठीही ते आवश्यक आहे, कारण कमी वयात पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते.

४. सांधा कसा बसवला. नुसते "खांदा बसवला" पुरेसे नाही. कुठे बसवला, कोणते औषध किंवा भूल दिली, भूल कोणी दिली, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, हे सगळे हवे.

चूक आढळली तर घरी जाण्याआधीच डॉक्टरांकडून दुरुस्ती, सही आणि तारीख घ्या. स्वतः खाडाखोड करू नका. महिनाभराने आणलेल्या दुरुस्तीच्या पत्राकडे विमा कंपनी संशयाने पाहते.

अपघातात बहुतेक रुग्णालये वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे एमएलसी करतात. "पोलिसांची भानगड नको" म्हणून ती टाळायचा आग्रह धरू नका. विम्याच्या अर्जाचा 'ब' भाग रुग्णालय भरते. त्यात दाखल होण्याचे कारण इजा आहे का, रस्ता अपघात आहे का, मद्याचा संबंध आहे का, एमएलसी झाली का, पोलिसांना कळवले का, असे प्रश्न असतात. तिथे उत्तर कोरे राहिले की कंपनीकडून पत्रव्यवहार सुरू होतो.

गोविंदा, 'साहसी खेळ' आणि विमा

१८ ऑगस्ट २०२२ रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा केली. तेव्हापासून गोविंदा पथकांत एक प्रश्न विचारला जातो. पॉलिसीत तर 'साहसी खेळांतील इजा वगळल्या आहेत' असे लिहिलेले असते. मग आपला दावा फेटाळला जाणार का?

पॉलिसीतले ते कलम पूर्ण वाचा. विमा नियामक प्राधिकरणाने सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिलेल्या मजकुरानुसार, धोकादायक किंवा साहसी खेळात 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतल्यामुळे झालेल्या इजेचा खर्च वगळलेला आहे. गल्लीच्या मंडळाकडून, हौसेने थरावर चढलेला तरुण व्यावसायिक खेळाडू नसतो. फक्त 'साहसी खेळ' एवढे दोन शब्द दाखवून दावा नाकारला असेल तर पूर्ण कलमाचा हवाला देऊन लेखी हरकत घ्या. मानधन घेऊन स्पर्धेत उतरणाऱ्याने मात्र आधीच कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा.

मद्याचा मुद्दा वेगळा आहे. व्यसन आणि त्याचे परिणाम वगळण्याचे कलम पॉलिसीत असते आणि अर्जात मद्याविषयी थेट प्रश्न असतो. गर्दीत इतरांच्या तोंडाला येणारा वास पाहून कुणी अंदाजाने तुमच्या केसपेपरवर नोंद केली असेल आणि तुम्ही घेतलेली नसेल, तर तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगा, तपासणी करून घ्या. घेतलेली असेल तर लपवू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते कळणे तुमच्या जिवासाठी गरजेचे आहे.

अलीकडच्या वर्षांत राज्य सरकार गोविंदांचा विमा उतरवते. २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांसाठी ही तरतूद होती. हे संरक्षण तुमच्या नेहमीच्या आरोग्य विम्याहून वेगळे असते. त्याचा लाभ घ्यायचा तर पथकाने पाठवलेल्या यादीत तुमचे नाव, वय आणि ओळखपत्राचा तपशील बरोबर असला पाहिजे. ही खातरजमा सरावाच्या पहिल्या आठवड्यातच करा.

खोलीचे भाडे आणि न मिळणाऱ्या वस्तू

दाखल व्हायचेच असेल तर खोली निवडण्याआधी पॉलिसीतली खोली-भाड्याची मर्यादा पाहा. समजा, मर्यादा दिवसाला ४,००० रुपये आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. बहुतेकांना वाटते की फरकाचे ४,०००च भरावे लागतील. पण खोलीच्या वर्गानुसार डॉक्टरांचे, नर्सिंगचे आणि शस्त्रक्रियागृहाचे दरही बदलतात. त्यामुळे पॉलिसीत तशी तरतूद असेल तर हे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे या उदाहरणात निम्मेच मिळतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथेही ती लावता येत नाही. शिवाय दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर (अतिदक्षता विभाग सोडून) जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे.

काही वस्तू पॉलिसीतून सहसा मिळतच नाहीत. हाताची झोळी, खांद्याचा पट्टा आणि क्रेप बँडेज या तिन्ही वस्तू नियामकाच्या न देय वस्तूंच्या यादीत आहेत. हातमोजे, मास्क यांचेही तसेच. "एवढीशी झोळीसुद्धा दिली नाही," असा राग येतो, पण त्यात रुग्णालयाची चूक नसते. अशा वस्तूंसाठी वेगळे जोड-संरक्षण घेतले असेल तर गोष्ट वेगळी.

खिशाला परवडणारे पर्याय

आपला भाग या बाबतीत भाग्यवान आहे. परळला १९२६ पासून सुरू असलेले महापालिकेचे केईएम रुग्णालय, मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला राज्य सरकारचे जे. जे. ही मोठी शिकवणी रुग्णालये जवळ आहेत. तिथे अस्थिरोग विभाग चोवीस तास चालतो आणि शुल्क खासगीच्या तुलनेत अगदी कमी असते. गर्दी असते, थांबावे लागते. पण निखळलेला खांदा बसवण्याचा सराव तिथल्या निवासी डॉक्टरांना भरपूर असतो.

पगारातून राज्य कामगार विम्याची कपात होत असेल तर परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय तुमच्यासाठी आहे. कामावर असताना इजा झाली असेल तर मालकाकडून अपघाताची नोंद करून घ्या.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. आता आयुष्मान भारत योजनेशी जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे. ही योजना ठरावीक उपचारांच्या पॅकेजवर चालते. म्हणून संलग्न रुग्णालयात पोहोचल्यावर आधी 'आरोग्यमित्र' शोधा, शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवा आणि तुमचा उपचार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो ते पैसे भरण्याआधी विचारा. मदतीचा क्रमांक १५५३८८.

पैसे नाहीत म्हणून उपचार थांबत नाहीत, हेही लक्षात असू द्या. तातडीच्या रुग्णाला जीव वाचवणारा उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे.

बिल हातात आल्यावर

महाराष्ट्रात २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत रुग्ण हक्कांची सनद आहे. दरांची माहिती आणि तपशीलवार बिल मागणे हा तुमचा हक्क आहे. बिलाच्या वादावरून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. फक्त एकूण रकमेचे बिल घेऊ नका. तपशीलवार बिल घ्या आणि शांतपणे पुढील गोष्टी तपासा :

- सांधा अपघात विभागात बसवला असताना शस्त्रक्रियागृहाचे भाडे लावले आहे का?
- भूलतज्ज्ञांचे शुल्क आहे, पण भुलेची नोंद कागदांत आहे का?
- पॅकेज दर लावला असेल तर त्यातच येणाऱ्या गोष्टी पुन्हा वेगळ्या धरल्या आहेत का?
- एक्स-रे किती आणि अहवाल किती?
- परत केलेली औषधे वजा झाली आहेत का?

शंका असेल तर बिलिंग विभागात आवाज न चढवता, ओळीवर बोट ठेवून विचारा. बहुतेक चुका संगणकात एखादी ओळ दोनदा पडल्याने होतात आणि लगेच दुरुस्त होतात. तरीही मान्य नसेल तर "हरकत राखून" असे लिहून सही करा आणि प्रत ठेवा.

दाव्याची वेळ सांभाळा

तातडीने दाखल झाल्यास विमा कंपनीला किंवा टीपीएला लगेच कळवा. बहुतेक पॉलिसींत त्यासाठी २४ तासांची मुदत असते. नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायला हवा आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा आहे.

दावा नाकारला तर फोनवरच्या "नाही होणार" वर थांबू नका. कारण आणि कलम लेखी मागा. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून वैद्यकीय खुलासा घ्या. सांधा भुलेशिवाय का बसला नाही, दाखल करण्याची गरज का होती, हे त्यांनी नोंदींच्या आधारे लिहावे. तो जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबईचे त्यांचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. तक्रारीला शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

शेवटी एक फाइल

घरात एक प्लास्टिकची फाइल ठेवा. तिच्यात पॉलिसीची प्रत, विमा कार्ड, शिधापत्रिका आणि आधारची छायाप्रत, जुने एक्स-रे आणि केसपेपर असू द्या. इजा झाल्यावर तिच्यात एमएलसीची प्रत, दोन्ही एक्स-रे, भुलेची नोंद, डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पावत्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावा. मूळ कागद देताना छायाप्रत काढून पोच घ्या.

आणि हिशेबाच्या धावपळीत खांद्याला विसरू नका. दाव्यासाठी खेटे घालताना फिजिओथेरपी बुडवणारे रुग्ण कमी नाहीत. हात बधिर वाटत असेल, बोटे थंड किंवा निळसर पडत असतील, दुखणे एकाएकी वाढले असेल, तर फाइल बाजूला ठेवा आणि त्याच क्षणी डॉक्टरांकडे जा. दाव्यासाठी तक्रार आणि अपील करता येते. नसेला झालेली इजा मात्र वाट पाहत नाही.